बाहेर पडायचा पत्ता

श्रीरंगराव ताम्हणे अंथरुणाला खिळले आणि त्यांनी बायकोचं नाव आपल्या नेचेप्रेमींच्या, फर्न जमवणाऱ्यांच्या, ईमेल-यादीत घातलं. म्हणजे मला तुझं ऐकायला सोपं पडेल, म्हणाले. तेव्हापासून कुमुद घरात जे बोले ते यादीतल्या सगळ्यांना जाई आणि उत्तरं स्वयंपाकघरातल्या डब्यांतून येत. "औषध घेतलंत का?" असं तिनं नवऱ्याला विचारलं, की रव्याच्या डब्यातून सांगलीचे कुणी म्हणत, "घेतलं, धन्यवाद." डाळीच्या डब्यातून कुणी विचारी, "कोणतं औषध?" कुमुदला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तिनं झाकणं घट्ट लावून पाहिली, तेवढंच.

पण एक हाक फक्त नवऱ्याला मारायची राहिली होती. कॉलेजात ती त्यांना "अरे श्रीरंगा" म्हणे. लग्न झालं, सासूसमोर "अहो" सुरू झालं आणि तेच तोंडात बसलं. आता डॉक्टरांनी हात टेकले होते. ते जायच्या आत एकदा तरी तसं म्हणायचं होतं. चारचौघांत नवऱ्याला अरे-तुरे करायला तिची जीभ रेटत नसे, आणि इथे तर अख्खी यादी कान लावून बसलेली.

"मला यादीतून काढा," ती म्हणाली. तेही सगळ्यांना गेलं.

"मलाही काढा," रव्याच्या डब्यातून आलं. मग डाळीच्या, पोह्यांच्या, मेतकुटाच्या. "असं सगळ्यांना सांगत बसू नका," म्हणून बजावणारे आणखी निराळे, आणि तेही सगळ्यांनाच बजावत होते. दुपार त्यातच गेली.

शेवटी यादी चालवणारे घोरपडे सर मिठाच्या बरणीतून बोलले. "ताई, बाहेर पडायचा पत्ता वेगळा असतो. तळाशी लिहिलेला असतो. कुणी वाचत नाही."

तिनं बरणी रिकामी केली. तळाशी बारीक अक्षरांत पत्ता होता. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"नक्की?" बरणीनं विचारलं.

"नक्की."

घर शांत झालं. कुमुद पलंगाशी बसली, नवऱ्याचा हात तिनं हातात घेतला. "अरे श्रीरंगा," ती म्हणाली.

त्यांनी मान वळवली नाही. ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. ते स्वयंपाकघराकडे बघत होते.

"मंडळी," ते म्हणाले, "आमची कुमुद कुठं आहे, माहीत आहे का कुणाला?"

डब्यांची झाकणं हलली. तिला काही ऐकू आलं नाही. श्रीरंगरावांनी मात्र सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले, आणि तिच्या हातातला हात काढून घेऊन त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली.