बुर्गीची जीभ

"हात लावू नकोस मुळांना!" कासियान म्हातारा वरनं खेकसला, तशी बुर्गी वाकलेली तशीच थांबली.

गुरं कधीच खाली उतरली होती. वरच्या कुरणावर आता म्हातारा, त्याचा मुलगा विगिल आणि सून बुर्गी, ही तिघंच होती, आणि वारं असं सुटलं होतं की बुर्गीच्या डोक्याचा रुमाल दोनदा उडाला. डोंगरामागं आभाळ शिशासारखं झालेलं. बर्फ यायच्या आत पोतं भरायला हवं होतं. ज्याच्या कडू मुळांची दारू करतात तो एन्झियान गावात कुणी खणायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं, आणि कैक वर्षांनी कासियानच्या घराची चिठ्ठी निघाली होती. तेव्हापासून म्हाताऱ्याचे पाय जमिनीवर टेकत नव्हते.

लांब दांड्याचा दुदाती काटा मातीत खुपसायचा, अंगाचा सगळा भार टाकायचा आणि मूळ उचकटायचं. माती काळी, ओली, दगडांनी भरलेली. मूळ निम्म्यात तुटायचं, म्हातारा गुडघ्यावर बसून चाचपून बाकीचं उपसायचा आणि तुकडे स्वतःच पोत्यात टाकायचा.

"मामंजी, पानं पार करपल्यात," बुर्गी म्हणाली. "हितं गेर्मर बी उगवतंय. मी नीट बघून देते, तुमी नुसतं खणा."

एन्झियान आणि गेर्मर शेजारी शेजारी उगवतात आणि पानांनी भावंडं वाटतात. पण एन्झियानची पानं देठावर समोरासमोर येतात, गेर्मरची आडवीतिडवी. एकाची दारू होते, दुसऱ्याचं विष. तिथल्या पोरासोरांनाही हे ठाऊक असतं.

"तू बघून देनार?" म्हाताऱ्यानं काटा टेकवला. "वासानं जिच्या पोटात ढवळतं, ती मला एन्झियान वळखायला शिकवनार? विगिल, ऐकतोस न्हवं बायकू काय म्हनती ते?"

विगिलनं बापाकडं पाहिलं, मग बायकोकडं, मग पायाकडं. "जाऊ दे गं बुर्गे. पोतं धर तू."

तिनं पोतं धरलं.

बुर्गी खालच्या मुलखातली, द्राक्षांच्या मळ्यातली. तिकडं दारू म्हणजे वाइन, जेवताना घोट घोट घ्यायची. लग्नाच्या दिवशी सासूच्या हातचा एन्झियानचा पेला नव्या सुनेनं रिकामा करायचा, अशी या घरची रीत. तिनं घोट घेतला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर सासऱ्याच्या नव्या बुटांवर थुंकला. कासियान तेव्हा हसला होता, पण हसणं ओठांवरच राहिलं. त्या दिवसापासून गावानं तिला 'थुंकी' नाव ठेवलं. शेजारचा गेबहार्ड तर तोंडावर म्हणायचा.

पुढं काय झालं ते गावाला कळलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तिला पोरगं झालं आणि रडलंच नाही. बुर्गीनं अन्न टाकलं. रस्सा पुढ्यात निवून जायचा. तेव्हा सासू, ऑटिलिया, दुपारी गडीमाणसं बाहेर गेली की चुलीपाशी तिच्यासमोर बोटभर एन्झियान ओतलेला पेला ठेवायची.

"मला नगं आत्याबाई, उलटून पडंल."

"पडू दे. उद्या पुन्ना घे. गोड लागायचं न्हाई, लागू बी नये. जिभेवर धर. पळवून लावू नको त्याला."

कितीतरी दिवस ती मोरीकडं पळाली. मग एकदा धरून बसली. आधी जिभेच्या शेंड्याला चावा, मग कडवटपणा मागं मागं सरकत घशापर्यंत गेला, तिथं मातीचा वास आला, आणि तोंड असं लख्ख झालं की जणू कुणी आतून घासून काढलं. आणि भूक लागली. तिनं राईच्या पावाची कड मोडली आणि चावता चावता रडायला लागली.  ऑटिलियानं पावाची दुसरी कड पुढं सरकवली.

त्यानंतर दुपार झाली की बुर्गीला पेल्याची आठवण यायची. "सासऱ्याला सांगू नको," ऑटिलिया म्हणायची. "तुला थुंकी म्हनून हसायची त्याची गंमत जाईल." ऑटिलिया गेली, तरी बुर्गी जुन्या बरणीतला तळ पुरवून पुरवून चाखत राहिली. आणि थुंकी ती थुंकीच राहिली.

नोव्हेंबरात डुक्कर कापायचा दिवस उजाडला. अंगणात पेंढ्यावर रक्त सांडलेलं, पाण्याच्या वाफा वर चाललेल्या, हात गारठून लाल. गेबहार्ड आणि आणखी दोघं शेजारी मदतीला आले होते. आतडी धुऊन झाली तशी कासियान आतून नवी बरणी घेऊन आला. त्यानं स्वतः चिरलेली मुळं आठवड्यांमागून आठवडे कडक दारूत मुरली होती, रंग कसा उन्हासारखा पिवळा. घरधन्यानं पहिला पेला घ्यायचा. त्यानं घेतला, डोळे मिटले, जीभ टाळ्याला मारली.

"असा एन्झियान सात गावात न्हाई!"

पेले भरले गेले. गेबहार्ड म्हणाला, "थुंकीला बी द्या की! बूट मागं घ्या रं सगळ्यांनी!"

हसण्याचा गदारोळ झाला. कासियाननं पेला तिच्या हातात दिला. बुर्गीनं घोट तोंडात घेतला आणि धरून ठेवला. गडी बघत राहिले, ही थुंकत कशी नाही म्हणून.

पण तिच्या जिभेवर काहीतरी चुकत होतं. चावा होता, कडूही होतं, पण ते मागं सरकेना. जागच्या जागी जळत राहिलं. मग ओठांना मुंग्या आल्या आणि जिभेचा शेंडा बर्फावर टेकवल्यासारखा मुका झाला.

ती थुंकली. अंगण हसण्यानं दणाणलं.

"पिऊ नका," ती म्हणाली. "गेर्मर हाय यात."

"आलं! आता आमच्या दारूला विष बी म्हना!" गेबहार्डनं पेला तोंडाकडं नेला.

"विगिल," बुर्गी नवऱ्याकडं वळली. "तू सांग त्यास्नी. तू बघितलंस तिथं काय उगवलं हुतं."

विगिलच्या हातात भरलेला पेला होता. त्यानं तो पाटावर ठेवला, हळूच, कुणाला दिसू नये असा. मग तो बापाच्या मागं सरकला.

मग बुर्गीला काय झालं तिचं तिलाच कळलं नाही. तिनं गेबहार्डच्या हातावर फटका मारला, पेला उडाला. दोन्ही हातांनी बरणी उचलली आणि अंगणातल्या दगडावर आपटली. सोन्यासारखी दारू रक्ताळलेल्या पेंढ्यात जिरून गेली.

बाकीच्या दोघांनी भरलेले पेले तसेच खाली ठेवले.

"माझी चिठ्ठी!" कासियान ओरडला. आवाज फाटलेला. "माझ्या जन्मात पुन्ना निघंल का न्हाई... चालती हो! निघ माझ्या घरातनं!"

तो हात उगारून पुढं आला. बुर्गी हलली नाही. आणि तो मध्येच थांबला. त्याच हातानं त्यानं ओठ चोळले, पुन्हा चोळले.

"ओठ कुठं गेलं माझं?" तो पोरासारखं म्हणाला आणि खाली बसला.

पुढचं झटकन झालं. ओकाऱ्या, गार घाम, मनगटाची नाडी सापडेना. गेबहार्डनंच गाडी जोडली आणि डॉक्टर आणला. डॉक्टरनं सुई टोचली आणि विचारलं, "आणखी कुणी प्यायलं?"

"कुनी न्हाई," बुर्गी म्हणाली.

"आणखी एक पेला घेतला असता, तर मला बोलवायची गरज पडली नसती."

म्हातारा वाचला. अंथरुणाला खिळलेला, भिंतीकडं तोंड करून. त्या दिवशी अंगणात नसलेले गावकरी विचारायला यायचे तेव्हा म्हणायचा, "पोट बिघडलं हुतं. बरणी? सुनंचा हात निसटला." बुर्गी दाराआड उभी राहून ऐकायची.

"जाऊ दे गं," विगिल म्हणाला.

बुर्गी त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. "न्हाई जाऊ देत. तू पेला खाली ठेवलास. मी बघितलं. तुला म्हाईत हुतं त्यास्नी दिसत न्हाई ते. कवापासनं म्हाईत हाय?"

विगिल बाकावर बसला. "आई गेली तवापासनं," तो म्हणाला. "बाबा दुधाची किटली गोठ्यात खिळ्याला अडकवायला जायाचे अन् खाली पाडायचे. मी उचलून ठिवायचो."

"अन् समद्यांस्नी मरू दिलं असतंस."

विगिल उठून गोठ्यात गेला, आणि त्या हिवाळ्यात त्या दोघांत फार बोलणं झालं नाही.

पहिलं मोठं बर्फ पडून गेल्यावर एका सकाळी म्हाताऱ्यानं तिला हाक मारली. 'थुंके' नाही, 'बुर्गे' अशी.

"बस," तो म्हणाला. गोधडीचा काठ त्यानं चिमटीत धरला. "मला हिरवं दिसतं. उंची दिसती. पान समूरासमूर हाय का आडतिडं, त्ये न्हाई दिसत."

"मग मला हात का लावू दिला न्हाई, मामंजी?"

"म्हनून तर. तुला कळलं असतं."

बाहेर छपरावरनं बर्फाचा एक लोंढा घसरून धप्पकन पडला.

"तुला कसं कळलं पन?" त्यानं विचारलं. "कवा चव लागली तुला?"

"आत्याबाईंनी लावली. पोरगं गेलं तवा. रोज दुपारी."

म्हाताऱ्याचा चेहरा हलला. "ऑटिलियानं? मला न्हाई सांगितलं कधी."

"गावाला खरं सांगा," बुर्गी म्हणाली. "माझा हात निसटला न्हाई."

"त्येवढं मागू नकोस."

"मागते."

  त्यानं गोधडी बाजूला करून पाय खाली सोडले. "भाईर न्हे मला. बर्फ किती पडलंय बघू दे."

तिनं त्याला कोट घातला, खांदा दिला, दारापर्यंत आणलं. ऊन लख्ख होतं. कासियाननं मान वर केली, गोठ्याच्या चुना फासलेल्या भिंतीकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "व्हय. लई पडलंय औंदा."

"ती भिंत हाय, मामंजी," बुर्गी म्हणाली. "बर्फ हिकडं."

आणि तिनं त्याला खांद्याला धरून वळवलं. तो वळला.