टपालाचा बावटा

या बंदराच्या गावाला टपाल बोटीने यायचं, तेव्हाची ती नोकरी. बोट खाडीच्या तोंडाशी दिसली की पोस्टाच्या गच्चीवरच्या काठीला लाल बावटा चढवायचा आणि पत्रं वाटून झाली की उतरवायचा. बावटा दिसला की गाव हातातलं काम टाकून पोस्टाकडे धावायचं. ज्यांच्या हातात काम नसे ते जरा जास्तच जोरात धावायचे.

पुढे रस्ता झाला, बोट बंद पडली, टपाल मोटारीने येऊ लागलं. बोटीचा तांडेल घरी बसला, धक्क्यावरचे हमाल घरी बसले. बावटेवाला तेवढा राहिला. सरकारने त्याला ठेवलं असं नव्हे, काढायचं विसरलं. आणि सरकार जे विसरतं ते चिरंजीव होतं.

गाव त्याला बावटेदादा म्हणे. मोटार आली की दादा दोरी ओढत, टपाल संपलं की दोरी सोडत. मधल्या वेळात ते गच्चीवर काठीच्या सावलीत पडून राहत आणि सावली सरकेल तसे सरकत. सावली अंगभर पुरत नसे, पण सरकारी सावलीबद्दल दादांनी कधी तक्रार केली नाही.

नोकरीबरोबर पोस्टाच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. पगार बेताचाच होता. खरा संसार चालला होता तो त्या खोल्यांच्या जोरावर. गावातल्याच थोरल्या भावाच्या घरातून बायको भांडून बाहेर पडली होती ती या खोल्यांच्या भरवशावर. थोरल्या जाऊबाईंच्या हाताखाली पुन्हा जायचं नाही, एवढा एकच नेम ती काटेकोर पाळत होती.

मग गावात टेलिफोन आला. पोस्टाच्याच पुढच्या खोलीत बोर्ड बसला आणि बोर्डापुढे दादांचा मेहुणा बसला. कानाला यंत्र लावल्यापासून त्याला माणसं जरा कमीच ऐकू येत.

"दाजी, आता तुमचं कसं होणार?" तो म्हणायचा. "तुमच्या बावट्याला बोलता येत नाही."

"तुझ्या फोनला दिसत नाही," दादा म्हणायचे आणि गच्चीवर जायचे.

असं गुण्यागोविंदाने चाललं असताना मुख्य कचेरीतून साहेब आले. खात्यातल्या अनावश्यक जागा कमी करायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यासाठी त्यांची जागा मुद्दाम नवीन काढली होती.

"तुम्ही काय करता?"

"बावटा चढवतो, साहेब."

"आणि?"

दादांनी प्रामाणिकपणे विचार केला. "उतरवतो."

"मोटार येते ती लोकांना दिसत नाही का?"

"दिसते ना. भर बाजारातून भोंगा वाजवत येते."

"मग बावटा कशाला?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणाला पडला नव्हता. पोस्टमास्तर छताकडे बघू लागले. साहेबांनी फर्मावलं, "उद्या बावटा लावू नका. काय बिघडतं ते मला बघायचं आहे."

घरी बायको वाटच बघत होती. "मग? काय बिघडेल?"

"काय बिघडणार! काहीच नाही," दादा म्हणाले.

"अहो, शेजारच्या न्हाव्यानं एक दिवस दुकान बंद ठेवलं तर गावाच्या दाढ्या वाढतात. तुम्ही जन्मभर काम केलंत, आणि नाही केलं तर कुणाच्या केसाला धक्का लागू नये? आता जाऊबाईंची भांडी घासू का मी?"

दुसऱ्या दिवशी मोटार आली, भोंगा वाजला, पोतं आत गेलं. काठी नागडीच राहिली. दादा जिन्याच्या पायरीवर बसून गाव बिघडायची वाट पाहत होते. दारात चिटपाखरू नव्हतं. पत्राला कुणीच आलं नाही, हे बघून साहेबांना वाटलं, पोस्टमनचीही जागा कमी करता येईल की काय.

तेवढ्यात बोर्ड वाजला.

"औषधवाले विचारताहेत, टपाल आलं का," मेहुणा म्हणाला.

"अहो, गाडी त्यांच्या दुकानासमोरच उभी आहे!" साहेब म्हणाले.

मेहुण्याने ते पुढे सांगितलं आणि ऐकून घेतलं. "ते म्हणताहेत, गाडी दिसते, पण बावटा नाही. गाडी काय, रिकामीसुद्धा येते."

मग बोर्डाला उसंत नाही. ज्यांच्याकडे फोन होता ते स्वतः विचारू लागले, ज्यांच्याकडे नव्हता ते शेठजींच्या पेढीवर रांग लावून विचारू लागले. ज्यांना जन्मात कधी पत्र आलं नव्हतं त्यांनाही आजच काळजी वाटली. समोरचा चहावाला तर रस्त्यापलीकडून साहेबांकडे बघत बघत फोन करत होता.

साहेबांना स्वतःच्या यशाची बातमी मुख्य कचेरीला द्यायची होती. लाइन मोकळी मिळेना. घासून घासून मेहुण्याचे कान लाल झाले, ओरडून ओरडून साहेब.

"लावा तो बावटा एकदाचा!"

दादा जिना चढले ते दोन-दोन पायऱ्या टाकत. बावटा वर गेला, बोर्ड गप्प झाला आणि दारात झुंबड उडाली.

त्या दिवशी दादांना घरी न मागता दुसऱ्यांदा चहा मिळाला.

पुढच्या महिन्यात हुकूम आला. पोस्टमास्तरांनी सगळ्यांदेखत वाचला. "बावट्यामुळे टेलिफोनवरचा ताण कमी होतो, हे प्रत्यक्ष पाहणीत आढळले. सबब ही जागा कायम करण्यात येत आहे."

दादांनी टोपी सारखी केली.

"तसेच ती टपाल खात्याकडून टेलिफोन खात्याकडे वर्ग करण्यात येत आहे."

"होऊ दे की," दादा म्हणाले. "दोरी तीच आहे."

"सबब टपाल खात्याच्या खोल्या महिनाअखेर रिकाम्या कराव्यात. तेथे अनावश्यक जागा कमी करण्याच्या विभागाची शाखा उघडण्यात येईल."



"टेलिफोन खात्याच्या खोल्या असतील ना कुठं?" दादांनी मेहुण्याला विचारलं.

"असत्या तर मी घरमालकाच्या जिन्याखाली संसार मांडला असता का, दाजी?"

बायकोने सगळं ऐकलं. रडली नाही. पातेल्यात पातेलं घालून सामान बांधत म्हणाली, "नोकरी वाचवलीत, शाबास. आता थोरल्यांना कळवा, येतोय म्हणून. तुम्ही कळवा, मी नाही."

थोरल्यांकडे फोन नव्हता. तोंडाने सांगायला दादांची जीभ रेटेना. म्हणून त्यांनी दोन ओळींचं पत्र लिहिलं आणि टपालपेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी मोटार आली. हुकमाप्रमाणे दादांनी बावटा चढवला. गच्चीवरून वाकून बघितलं, तर धावत येणाऱ्या गर्दीत सगळ्यांच्या पुढे थोरल्या वहिनी होत्या.