विकीच्या पुस्तकातले खाडीचे पान

मी एक जुनी होडी आहे. बाळकुमच्या एका सोसायटीच्या बागेत मला निळा रंग फासून ठेवले आहे. मुले माझ्यात बसून खेळतात. मित्रांनो, लोकांना वाटते मी मजेत आहे. पण खाडीवरून खारा वारा आला की माझ्या फळ्या अजून कापतात.

मला माझ्या मालकाने, काळुरामने बांधले. फळ्यांच्या फटींत कापूस ठासला, वर डांबर दिले. मीठ, मासे, एकदा तर लग्नाचे वऱ्हाडही मी वाहिले. काळुराम मला लेकीसारखे जपायचा. पुढे मिठागरे गेली, इमारती आल्या, त्याची कंबर गेली आणि मी तिवरांच्या झाडीजवळ उन्हात पालथी पडले. फळ्या सुकल्या, फटी उघडल्या. कोणी ढुंकून पाहिले नाही.

एके दुपारी त्याचा नातू विकी आला. सोबत धाकटी बहीण दर्शना. दोघे कॉलेजातली. विकीला होडीत ऐटीत उभे राहून फोटो काढून घ्यायचा होता.

"दादा, आजोबांना विचारूया ना," दर्शना म्हणाली.

"काय विचारायचंय? खाडी आपलीच आहे!"

दोघांनी मला सुलटी करून काठच्या उथळ पाण्यात लोटले. फोटोंच्या नादात ओहोटीने पाणी ओसरले ते त्यांना कळलेच नाही आणि मी चिखलात बसले. काळुराम नेहमी बजावायचा, "पानी गेला त होरीन बसून रवाचा, चिखलान उतराचा नाय." पण पाणी ओसरले की होडीतच बसून राहायचे, हे इमारतीत वाढलेल्या विकीला कुठले माहीत. मला ढकलायला त्याने सरळ खाली उडी मारली.

गुडघे गेले, मांड्या गेल्या. "अरे, पाय निघत नाहीये," तो हसत म्हणाला. कमरेपर्यंत रुतल्यावर हसणे थांबले. दर्शनाने माझा दोर त्याच्या काखेखालून बांधला, हात सोलवटेपर्यंत ओढला. चिखल सोडेना. ती ओरडली, पण ऐकायला आसपास कोणी नव्हते. मग भरती लागली.

इतकी मी कधीच घाबरले नव्हते. पाणी वाढले की मी तरंगेन आणि त्याला ओढून काढीन, एवढीच आशा. पण माझ्याच फटींतून पाणी आत येऊ लागले. मी जड होत चालले. पाणी त्याच्या छातीला लागले, मग गळ्याला.

"दर्शू, सोडू नको गं मला! आई गं!"

दर्शना रडत रडत डब्याने पाणी उपसत होती. देवा, हे पोर माझ्यामुळे जाणार, असे मला वाटत होते. पाणी हनुवटीला टेकले तेव्हा कुठे माझा तळ सुटला. दोराला हिसका बसला आणि चिखलाने त्याला सोडले.

आता विकी याच सोसायटीत राहतो आणि त्याने तरुणपणीच्या चुकांवर पुस्तक लिहिले आहे. त्यातले सगळ्यांचे आवडते पान हेच. चप्पल कशी रुतली, आजोबा एका हाताने कंबर धरून वल्हे घेऊन कसे मागे लागले, सगळे इतके गमतीदार, की लोक पोट धरून हसतात. त्याची लेक कृतिका तर माझ्यात बसून ते पान पुन्हा पुन्हा वाचून घेते.

परवा ती म्हणाली, "पप्पा, मला पण चिखलात उतरायचंय!"

विकीचा चेहरा उतरला. त्याने पुस्तक मिटले. "बाळा, त्या दिवशी मी मरत होतो गं. आईला हाका मारत होतो. ते मी लिहिलंच नाही."

कृतिका खो खो हसली. तिला वाटले, पप्पांनी गोष्टीत आणखी एक गंमत घातली. आज संध्याकाळी माझ्यात बसून ती मैत्रिणीला, प्राचीला, हळूच म्हणाली, "उद्या आपण दोघीच खाडीवर जाऊया. कोणाला सांगू नको हां."

मित्रांनो, पडून राहिलेल्या वस्तूंची डागडुजी करा. आणि स्वतःच्या चुका सांगताना त्यातली भीती गाळू नका, एवढेच माझे मागणे. कृतिकाला माझा आवाज ऐकू येत नाही. तुम्हाला येतो. तिला कोणीतरी अडवा.