गोडी उतरेपर्यंत

अंबादासरावांनी गच्चीवर पिंपात ड्रॅगन फ्रूटचं काटेरी रोप लावलं, तेव्हा त्यांच्या पत्नी सरोजिनीबाईंनी विचारलं होतं, "फळझाड लावलंय की कुंपण घातलंय?" तिसऱ्या वर्षी एकच फळ धरलं. कावळ्यांनी टोचू नये म्हणून अंबादासरावांनी त्याला जाळी बांधली. तरी कावळे यायचेच, मग ते थाळी बडवून त्यांना हाकलायचे. फळ लाल झालं, तशा अंथरुणाला खिळलेल्या सरोजिनीबाई म्हणाल्या, "कापा की आता. चव तरी बघू."

"चार दिवस थांब. गोडी उतरू दे."

गोडी उतरली, पण तोवर बाई गेल्या होत्या.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. मेव्हणा कानाशी लागला, "दाजी, आक्काची काय इच्छा राहिलीया?"

अंबादासरावांनी पिशवीतून फळ काढलं, कापलं आणि अर्धं पिंडाशेजारी ठेवलं. झाडावरच्या कावळ्यांनी माना तिरप्या करून ते पाहिलं आणि पलीकडच्या पिंडाचा भात खाल्ला.

"त्यास्नी ह्ये म्हाईत न्हाय, दाजी. तांबडा-पांढरा रस्सा ठेवाया पायजे हुता," मेव्हणा म्हणाला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

घरी येताच अंबादासराव गच्चीवर गेले. रिकाम्या जाळीवर दोन कावळे बसले होते. उरलेलं अर्धं फळ त्यांनी कठड्यावर ठेवलं आणि हात जोडायला उचलले. ते हात कावळ्यांच्या चांगले ओळखीचे होते. दोघेही उडून गेले.