मागच्या काचेवरची कृपा

आमच्या अंकितानं कॅनडात जुनी गाडी घेतली. विमावाला म्हणाला, "तुमी नव्या ड्रायव्हर, हप्ता जास्त पडंल." माझं डोस्कंच फिरलं! कडेगावातनं कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या वढणारी पोर, आन् नवी? पण ती भांडली न्हाई. तिथल्या ड्रायव्हिंग क्लासला गेली, पास झाली आन् हप्ता कमी करून घेतला. लय खमकी!

व्हिडिओ कॉलवर तिनं चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला.

मी म्हणालो, "मागच्या काचंवर 'वडिलांची कृपा' लिव्ह."

तिनं हसत फोन फिरवला. काचंवर आधीच लिवलं हुतं, 'आईची कृपा'.

बरोबरच हाय. मी फौजेत हुतो, तवा पोरीला ट्रॅक्टर शिकवला तिच्या आईनं. मला अजून येत न्हाई.