गरम असताना बघा

मित्रांनो, मी एक जुना डिझेल ट्रक आहे आणि मला तोंड नाही. माझी सगळी रडकथा एवढीच.

कारखान्यात मला जोडलं, तेव्हा म्हणे मी फार देखणा होतो. असं रंगारी म्हणाला, आणि आपणच रंगवलेल्या वस्तूला कोण वाईट म्हणेल? तिथून मी आलो तो बर्फाच्या कारखान्यात. काम साधं. लाद्या गोणपाटात गुंडाळून माझ्या पाठीवर रचायच्या आणि वितळायच्या आत पोहोचवायच्या. मासळीबाजार, सरबतवाले, इस्पितळ, सगळे आमची वाट बघत असायचे.

मला चालवायचे मामा. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते. मालकांची मुलगी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून फिरायची, ती मामा म्हणू लागली, मग सगळेच म्हणू लागले. सकाळी ते माझ्या बॉनेटवर थाप मारून "चला, उठा आता" म्हणायचे आणि सेल्फ मारायचे. मी एका झटक्यात उठायचो. चढावर त्यांनी मला कधी उगाच रडवलं नाही. "मामांच्या हातातली गाडी म्हातारी होत नाही," असं मालक येईल त्याला सांगायचे. ऐकून माझी छाती फुगायची. ट्रकला छाती असते का, ते विचारू नका.

पण म्हातारा झालोच. मालक गेले, त्यांची मुलगी कारभार बघू लागली आणि सगळ्यांची ताई झाली. इकडे माझा डिझेल पंप आतून झिजला. हा पंप इंजिनाला दाबाने डिझेल पुरवतो. डिझेल थंड असलं की दाट असतं, झिजलेल्या पंपातूनही पुढे जातं. तापलं की पातळ होतं आणि फटीतून मागेच सरकतं. त्यामुळे सकाळी मी ठणठणीत. दिवसभर धावलो तरी ठणठणीत. पण तापलेला असताना बंद केलं की संपलं. सेल्फ गरागरा फिरायचा, मी काही सुरू व्हायचो नाही. निवलो की पुन्हा शहाण्यासारखा सुरू.

मामांना कारण कळलं नाही, पण माझी खोड कळली. त्यांनी मला मधे बंद करणंच सोडून दिलं. लाद्या उतरेपर्यंत मी घुरघुरत उभा राहायचो. ते ताईच्या डोळ्यांवर आलं.

"मामा, उभ्या गाडीत डिझेल कशाला जाळता? थांबलात की इंजिन बंद करत जा."

मामांनी खरं ते सांगितलं. ताई म्हणाली, "मग गॅरेजवाल्या मिस्त्रींना दाखवा." मिस्त्री म्हणाले, "सकाळी आणा, सकाळी मी मोकळा असतो."

सकाळी, मित्रांनो! रात्रभर निवलेला मी. मिस्त्रींनी किल्ली फिरवली आणि मी पहिल्या झटक्यात सुरू. दवाखान्याची पायरी चढताच पोराचा खोकला पळावा, तसं झालं. बंद राहायचा मी आटोकाट प्रयत्न केला, पण थंड डिझेल माझं थोडंच ऐकतंय? मिस्त्रींनी बॅटरी बदलली. पुढच्या वेळी सेल्फ खोलून साफ केला, मग फिल्टर नवा घातला. दर वेळी सकाळी, आणि दर वेळी मी मामांना तोंडघशी पाडलं.

"अहो, गरम असताना बघा हिला," मामा म्हणायचे. "एकदाच बघा."

शेवटी मिस्त्री ताईला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडीत काही नाही. मामांचं वय झालंय, हात चालत नाही त्यांचा." बाजूला म्हणजे माझ्याच पुढच्या चाकाशी. मी सगळं ऐकलं आणि गप्प उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो?

त्यानंतर एकदा ताईचं ऐकून मामांनी मला वाटेत बंद केलं, मी पुन्हा उठलोच नाही आणि इस्पितळाचा बर्फ रस्त्यातच पाणी झाला. ताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मामा, खूप केलंत. आता आराम करा." मामांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि माझ्याकडे न बघता गेले.

मग ताई स्वतःच चालवू लागली. तिला मामांनीच शिकवलं होतं, तेही माझ्यावरच. पहिल्याच फेरीत मासळीबाजारात तिने मला बंद केलं. निम्म्या लाद्या उतरल्या, किल्ली फिरली, आणि मी ढिम्म. माझ्या पाठीवरून पाणी गळायला लागलं. तिने मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले असणार, सकाळी आणा.

"सकाळी नाही. आत्ता या. गरम असताना बघा," ती म्हणाली. फोन कानाला तसाच राहिला.

मिस्त्री आले. "मारा सेल्फ," म्हणाले आणि माझ्या मागे जाऊन उभे राहिले. "धूर नाही. म्हणजे डिझेल पोहोचतच नाही." त्यांनी माझ्या पाठीवरचं बर्फाच्या पाण्यात भिजलेलं गोणपाट ओढलं आणि तापात कपाळावर पट्टी ठेवावी तसं पंपावर ठेवलं. जरा वेळाने किल्ली फिरली, आणि मी सुरू झालो. मित्रांनो, औषध इतके दिवस पाठीवर घेऊन मी फिरत होतो आणि मला ते कुणाला सांगता आलं नव्हतं.

"पंप गेलाय," मिस्त्री म्हणाले.

"हेच मामा सांगत होते."

"पंपाचं कुठे बोलले ते?"

"गरम असताना बघा म्हणाले," ताई म्हणाली. "आणखी काय सांगायला हवं होतं त्यांनी?"

मला दुरुस्त पंप बसला. ताई मला घेऊन थेट मामांच्या दारात गेली. मामा पायरीवर बसले होते. ती म्हणाली, "मामा, चूक माझी. उद्यापासून या."

मामांनी आपला उजवा हात वळवून बघितला. "तुम्ही सगळे म्हणालात ना, मग मलाही वाटायला लागलं, आपलाच हात गेला. आता जिना उतरतानाही कठडा धरतो, ताई."

"एकदा बसा तरी. गरम आहे गाडी."

ते चढले. किल्ली भोकाच्या कडेलाच आपटत राहिली, आत जाईना. ताईने मान वळवली. शेवटी किल्ली गेली आणि मी अर्ध्या झटक्यात उठलो. मामांनी मला बंद केलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद केलं. मग किल्ली ताईच्या हातात ठेवून म्हणाले, "झाली बरी," आणि कठडा शोधत घरात गेले.

तेव्हापासून ताईच मला चालवते. मित्रांनो, मला तेलपाणी नाही दिलंत तरी चालेल. पण कुणी म्हणालं की दुखतंय, तर त्याला सकाळी बोलावू नका. दुखत असतानाच बघा.