अर्व्हिडचे तीन

विमानात चढताना दारातली बाई म्हणाली, "वर सामानाला जागा उरली नाहीये, कुणी आपणहून बॅग खाली द्याल का?" आणि आमचा अर्व्हिड, म्हणजे माझा नवरा, लगेच पुढे झाला. आमच्या मिनेसोटातली माणसं सगळीच अशी भिडस्त, पण हा जरा अतीच. बॅग गेली विमानाच्या पोटात, आणि बॅगेत याच्या छातीच्या गोळ्या.

हे मला कळलं विमान नॉर्थ डकोटावर आल्यावर. सिॲटलला नातीच्या बाप्तिस्म्याला निघालो होतो. सहज शेजारी बघते तर हा घामानं डबडबलेला, चेहरा पांढराफटक, डावा हात मांडीवर दाबून धरलेला.

"काय होतंय रे?"

"काही नाही गं. जरा उकडतंय."

"गोळी कुठंय?"

त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. "बॅगेत."

"धन्य आहेस बाबा!" म्हणत मी मदतीला बोलवायचं डोक्यावरचं बटण दाबायला गेले, तर यानं माझा हात धरला. "मार्लिस, नको ना. कॉफी वाटताहेत बिचाऱ्या. होऊ दे त्यांचं."

मी हात झटकून बटण दाबलं. रोझलिन नावाची हवाईसुंदरी आली. याला बघताक्षणी तिच्या लक्षात आलं. तिनं याला ऑक्सिजन लावला, ॲस्पिरिन चावायला दिली. विमानात कुणी डॉक्टर आहे का म्हणून पुकारा झाला, कुणीच उठलं नाही. मग तिनं फोन कानाला लावला. खाली जमिनीवर कंपनीचा डॉक्टर बसलेला असतो, त्याला विचारून विमानातल्या औषधांच्या पेटीतली गोळी याच्या जिभेखाली ठेवली. जरा वेळ गेला. तरी ओठ निळे पडलेलेच.

"सर, दहापैकी किती दुखतंय?"

अर्व्हिडनं नीट विचार केला. "दोन. फार तर तीन."

"तीन म्हणताहेत," रोझलिन फोनवर म्हणाली. मग आमच्याकडे वळली. "कॅप्टन विचारताहेत, खाली बिस्मार्क शहर आहे, तिथं उतरायचं का? आत्ताच सांगावं लागेल. ते मागे पडलं की पुढे बराच वेळ मोठं हॉस्पिटल नाही."

"छे छे!" अर्व्हिड म्हणाला. एवढं बोलतानाही त्याला दम लागला. "या सगळ्यांची पुढची विमानं चुकतील. बरंय मला आता."

ती पोर घुटमळली. याच्याकडे बघे, फोनकडे बघे. सर स्वतःच बरंय म्हणताहेत!

मीही त्याच मातीतली. चर्चमध्ये शिंक आली तरी गिळणारी बाई. लोक काय म्हणतील, ही भीती होतीच, खोटं कशाला बोलू? तरी मी उभी राहिले आणि किंचाळले.

"खोटं बोलतोय हा! धान्याच्या यंत्रात बोट तुटलं तेव्हा म्हणाला जरा खरचटलंय, आणि आधी गाईंचं दूध काढून मग घरात आला! याचे तीन म्हणजे तुमचे दहा! उतरवा विमान!"

सगळ्या माना वळल्या. अर्व्हिडनं शरमेनं डोळे मिटले. रोझलिन फोनवर कॅप्टनला म्हणाली, "उतरवा." लगेच विमान खाली झुकलं. पूर्ण उतरेपर्यंत मी त्याचा हात धरून देवाला काय काय बोलले, ते मलाच ठाऊक.

बिस्मार्कला दवाखान्याची माणसं आत चढली. आमची जागा पार शेवटी. त्यांनी त्याला चाकांच्या अरुंद खुर्चीत पट्ट्यांनी बांधलं आणि दाराकडे ढकलायला लागले. मागोमाग मी. आणि काय सांगू, हा माणूस मास्कच्या आतून प्रत्येक रांगेला म्हणतोय, "सॉरी हं. खोळंबा केला तुमचा. सॉरी हं."

"गप्प बस रे, मेल्या," मी रडत म्हणत होते.

निम्म्या वाटेत तो गप्प झाला. मान एका बाजूला कलली. पुढचा माणूस ओरडला, "चला, चला, लवकर!" आणि खुर्ची धडधडत पळाली.

मी मागून धावत होते. "अर्व्हिड, बोल ना रे! अजून कितीतरी रांगा राहिल्यात!"